इंटरनेटच्या नोंदी सांभाळणारा माणूस

२८ जानेवारी १९९८ रोजी लॉस एंजलिस परिसरातून एक ई-मेल रवाना झाला. इंटरनेटवरील नावांची मूळ यादी जगाला पुरविणारे तेरा 'रूट सर्व्हर' त्या वेळी होते. त्यांपैकी आठ सर्व्हरच्या चालकांच्या नावे तो होता. ही यादी तोवर नेटवर्क सोल्यूशन्स या अमेरिकी कंपनीच्या संगणकावरून उचलली जात असे. यापुढे ती आपल्या संगणकावरून घ्यावी, एवढीच विनंती पाठविणाऱ्याने केली होती. हे चालक त्याच्या हाताखालचे नव्हते. तरीही आठही जणांनी ती मान्य केली, कारण पाठविणारे होते जॉन पोस्टेल.

लांब पांढरी दाढी आणि पायांत सँडल अशा वेशात वावरणाऱ्या या माणसाचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे इंटरनेटचे आणखी दोन शिल्पकारही याच शाळेचे, हा विलक्षण योगायोग. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजलिस येथील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना ते 'अर्पानेट'च्या कामात आले. संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या या जाळ्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी याच विद्यापीठातून गेला.

जाळे उभारणाऱ्या तरुणांनी आपले तांत्रिक प्रस्ताव 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' अर्थात 'आरएफसी' या टिपणांतून मांडायला सुरुवात केली होती. या टिपणांचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत राहिले. त्याच्या जोडीला एक कंटाळवाणे काम होते. संगणकावरील कोणत्या सेवेसाठी कोणता क्रमांक वापरायचा, हे कुणीतरी ठरवून लिहून ठेवणे आवश्यक होते. दोघांनी एकच क्रमांक घेतला तर गोंधळ ठरलेला. अशा कामासाठी एक 'झार' नेमावा आणि तो बहुधा आपणच असावे, असे पोस्टेल यांनी १९७२ मधील एका टिपणात अर्धवट थट्टेने सुचविले. थट्टा खरी ठरली.

१९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेले. आजही इंटरनेट ज्यावर चालते त्या आयपी आणि टीसीपी या नियमावलींची १९८१ ची प्रमाण टिपणे त्यांनी संपादित केली. ई-मेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपीचे १९८२ चे टिपण त्यांनीच लिहिले. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, दुसऱ्याकडून आलेले स्वीकारताना मात्र थोडे सैल असावे, हे त्यांचे सूत्र संगणक अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या आहेत.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी पोस्टेल यांच्या सहकार्याने नावांची पद्धत आखली. 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी' आले, तशी देशांची दोन अक्षरी नावेही आली. येथे पोस्टेल यांचे शहाणपण दिसते. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, या वादात न पडता त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी स्वीकारली. भारताचे 'डॉट इन' १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याचा कारभार पुढे अनेक वर्षे मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने पाहिला.

नव्वदच्या दशकात नावांना पैशाचे मोल आले. सरकारी कंत्राटावर नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्सला १९९५ मध्ये दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारण्याची मुभा मिळाली. ही मक्तेदारी मोडून नवी नावे आणण्याच्या योजनेला पोस्टेल यांचा पाठिंबा होता. अमेरिकी सरकारला मात्र यादीवरचा ताबा सोडायचा नव्हता. त्याच ओढाताणीत जानेवारीचा तो ई-मेल गेला. दोन्ही याद्यांतील मजकूर सारखाच असल्याने वापरणाऱ्यांना काहीही जाणवले नाही. वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी व्यवस्था पूर्ववत करण्यास बजावले आणि पोस्टेल यांनी ती केली. ही केवळ चाचणी होती, असे त्यांनी सांगितले. ते फारसे कुणाला पटले नाही, आणि पटण्यासारखेही नव्हते.

सरकारचा प्रस्ताव दोनच दिवसांत जाहीर झाला. ३० सप्टेंबर १९९८ रोजी 'आयकॅन' ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात नोंदविण्यात आली. तिच्यावरची अमेरिकी सरकारची देखरेख २०१६ पर्यंत राहिली. संस्थेच्या उभारणीत पोस्टेल यांचा मोठा वाटा होता. तिचे काम मार्गी लागलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख दुसऱ्याच दिवशी त्यांनी जवळजवळ तीन दशके संपादित केलेल्या टिपणांच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २४६८.