डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूर जिल्हा म्हटला, म्हणजे पंढरपूरची वारी, करकंबसारखी शेतीवर पोसलेली गावे आणि सोलापूर शहरातील एके काळच्या कापडगिरण्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. याच जिल्ह्याने चीनसारख्या दूरच्या देशाला एक निष्णात शस्त्रवैद्य दिला. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली. पदवी मिळाली, की डॉक्टरला दवाखाना थाटता येतो. परंतु शस्त्रक्रियेसारख्या कठीण शाखेत पारंगत व्हावयाचे, तर पुढेही मोठ्या रुग्णालयात अनुभवी वैद्यांच्या हाताखाली राहून अभ्यास करावा लागतो. द्वारकानाथांनी हाच मार्ग निवडला होता आणि पदव्युत्तर अभ्यासाची तयारी चालविली होती.

इतक्यात एक निराळीच हाक त्यांच्या कानी आली. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. रणांगणावर सहस्रावधी सैनिक घायाळ होत होते आणि त्यांच्यावर उपचार करण्यास पुरेसे वैद्य नव्हते. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले. त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ साली देशाला आवाहन केले. तेव्हा भारत स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही लोकांनी निधी जमविला आणि वैद्यपथक सिद्ध झाले.

द्वारकानाथांपुढे आता कठीण प्रश्न उभा राहिला. एकीकडे उच्च पदवी आणि तिच्यामागून येणारा मानमरातब. दुसरीकडे अनोळखी देशातील युद्धभूमी. त्यांनी जाण्याचा निश्चय केला व घरी कळविले. रेशीम विकावयास येणाऱ्या फेरीवाल्यांखेरीज घरच्यांना चीनची फारशी माहिती नव्हती. मुलगा इतका दूर जाणार, म्हणून आईचे मन व्याकूळ झाले. वडिलांनी मात्र त्यांना उत्तेजन दिले.

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे त्याचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे इतर सदस्य होत. चीनमध्ये असतानाच द्वारकानाथांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. दुःख अनावर होते. पण हाती घेतलेले कार्य टाकून ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनान येथे पोचले.

पुढे ते उत्तर चीनमधील वूताई पर्वताच्या प्रदेशात आघाडीवर गेले. जखमी सैनिकास दूरच्या रुग्णालयात नेईपर्यंत रक्तस्रावाने किंवा जखम चिघळल्याने त्याचे प्राण जात. म्हणून वैद्यानेच रणांगणाजवळ जावे, अशी रीत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे घालून दिली होती. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते १९३९ साली मृत्यू पावले होते. डॉ. कोटणीसांनी त्यांचाच कित्ता गिरविला. १९४० सालच्या एका लढाईत त्यांनी विश्रांती न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. मुंबईत अपुरा राहिलेला अभ्यास अशा रीतीने डोंगरातील झोपड्यांत, तुटपुंज्या साधनांनिशी पुरा होत होता.

१९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. शिकावयास निघालेला हा विद्यार्थी आता शिक्षक बनला. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्याच भाषेत तरुणांना शस्त्रक्रियेचे पाठ दिले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. आपण गेल्यावरही येथील रुग्णांना वैद्य लाभावेत, ही त्यांची तळमळ होती.

त्याच वर्षी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. परंतु अतिश्रमाने डॉक्टरांची प्रकृती ढासळली होती. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. तरी त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले. कोटणीस मात्र चीनच्या मातीतच विसावले.

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे, तर सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक झाले आहे. ज्या उच्च पदवीची तयारी त्यांनी मुंबईत आरंभिली होती, ती त्यांच्या नावापुढे कधीच लागली नाही. परंतु त्यांनी शिकविलेल्या तरुणांच्या हातून पुढे कितीतरी रुग्णांना जीवदान मिळाले आणि द्वारकानाथांची विद्या सार्थकी लागली.