दुसऱ्या मात्रेचे अण्णा

माझी धाकटी बहीण शिवऱ्याला दिली आहे. पुणे-सातारा रस्त्यावरचं, भोर तालुक्यातलं हे गाव. गेल्या मे महिन्यात दोन दिवस तिच्याकडे राहायला गेलो होतो. दुपारची जेवणं झाली की घरातली मोठी माणसं पडवीत आडवी व्हायची आणि भाचा गिटार घेऊन बसायचा. पुण्यात कॉलेजात आहे, रविवारी गिटारच्या शिकवणीला जातो. पण त्या गिटारमधून गाणं म्हणून काही निघेना. नुसतं चक्, चक्, चक्, चक्. एकसारखे चार ठोके, पुन्हा चार ठोके. तासभर हेच चाललेलं पाहून मी त्याला विचारलं, की बाबा रे, तुला एखादी चाल वाजवायला कधी शिकवणार?

हीच त्याचीही तक्रार होती. मास्तरांनी महिनाभर चाल अशी वाजवूच दिली नव्हती. जॅझमधली गिटारची साथ आधी शिक, म्हणाले. तिला कॉम्पिंग म्हणतात. मुख्य वादक किंवा गायक पुढे असतो आणि त्याच्या मागे गिटारवाल्यानं कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वरांचा एकत्र झुबका, नेमक्या जागी टाकत राहायचा. डाव्या हातानं तारा दाबायच्या, उजव्यानं ठोका मारायचा आणि ठोका उमटताक्षणी डावा हात सैल सोडायचा, म्हणजे नाद तिथेच तुटतो. लांबला तर गाणाऱ्याच्या पायात येतो. चार मात्रांत वजन पहिलीवर द्यायचं नाही, दुसरीवर आणि चौथीवर द्यायचं. हे अंगात भिनलं, की मग ठोके गाळायला शिकायचं. उदाहरणार्थ, एक ठोका पहिल्या मात्रेवर, दुसरा दोन आणि तीन यांच्या बरोबर मध्ये आणि उरलेली जागा मोकळी. चार्ल्सटन नावाच्या जुन्या नाचाचा हा बोल. ऐकायला सोपा वाटतो, पण हात हटकून तीनवरच पडतो. मीही करून पाहिलं, गिटारवर नव्हे, पाटावर. दहा वेळा चुकलो.

आपल्याकडच्या माणसाला हे अवघड जाणारच. आपला जीव समेत अडकलेला. भजनात काय, लावणीत काय, आपण पहिल्या मात्रेवर येऊन टेकतो आणि मान डोलावतो. टेकायच्या जागी टेकायचं नाही आणि उठायच्या जागी वजन टाकायचं, हा उलटा व्यवहार.

या साथीचा थोर माणूस म्हणजे अमेरिकेतला फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात तो 1937 साली आला आणि 1987 साली मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं! गिटारला विजेचा कर्णा जवळजवळ कधीच जोडला नाही, एकट्यानं वाजवण्याचा हट्ट जवळजवळ कधी धरला नाही. पंधरा-सोळा माणसांच्या त्या गलबल्यात त्याची गिटार वेगळी ऐकू येत नसे आणि तरीही सगळा वाद्यवृंद तिच्यावर चाले. कॉर्डमधले स्वरसुद्धा तो कमी कमी करत गेला. पुष्कळदा दोनच, कधी तर एकच.

तर भाच्याचं हे चक्-चक् चालू असताना माझ्या बहिणीच्या सासूबाई आतून आल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, की हा पोरगा भगवानचं गाणं वाजवतोय. मला आधी वाटलं, भगवान म्हणजे देवाचं. नाही. त्यांना म्हणायचं होतं भगवानदादांचं. 'अलबेला'तलं. म्हणजेच अण्णांचं.

अण्णा म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, चित्रपटांच्या पाटीवरचे सी. रामचंद्र. सासूबाईंनी जे ऐकलं ते खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या त्या उलट्या ठोक्याशी मराठी घरांची ओळख ज्यांनी करून दिली, त्यांत हा नगर जिल्ह्यातला माणूस सगळ्यात पुढे होता. आणि गंमत अशी की आयुष्याची सुरुवात त्यांनीही साथ करण्यातूनच केली.

जन्म 12 जानेवारी 1918 चा, पुणतांब्याचा. वडील रेल्वेत. घराण्याचं मूळ गाव जवळचंच चितळी, त्यावरून आडनाव. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात गाण्याचं शिक्षण झालं, म्हणजे पाया रागदारीचा आणि पक्का. पण पोराला ओढ चेहऱ्याला रंग लावण्याची. 1935 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, 'नागानंद' या चित्रपटात ते चक्क नायक झाले. चित्रपट पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका आल्या आणि त्याही फारशा पुढे नेणाऱ्या नव्हत्या. शेवटी हाती आली ती पेटी. मिनर्व्हात बिंदू खाँ आणि हबीब खाँ हे संगीतकार होते. त्यांच्यापाशी हा पडलेला नायक पेटीची साथ करू लागला.

एका दृष्टीनं ही उतरंडच म्हणायची. काल पडद्यावर, आज कोपऱ्यात. पण माझं असं मत आहे, की त्या कोपऱ्यात अण्णांना जे मिळालं ते विद्यालयातही मिळालं नसतं. पेटीवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. गाणारा श्वास कुठे घेतो, शब्द कुठे तुटतो, कुठे हात आखडता घ्यायचा, हे त्याच्या बोटांना आधी कळतं. पुढे अण्णांच्या शेकडो चालींत गळ्याला जी मोकळी जागा सापडते, तिचं मूळ मला इथं दिसतं.

संगीतकार म्हणून पहिली कामं मिळाली ती तमीळमध्ये. त्यांतला 'वनमोहिनी' (1941) दिग्दर्शित केला होता भगवान आबाजी पालव यांनी, म्हणजे आपल्या भगवानदादांनी. दोघेही मराठी, दोघेही खिशानं फाटके. 1942 साली भगवानदादांच्याच 'सुखी जीवन'मधून अण्णा हिंदीत आले.

त्या काळची मुंबई कानांनी श्रीमंत होती. ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊन राहून गेले होते. लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड ही त्यांतली ठळक नावं. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याबरोबर वाजवून तयार झाले ते गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन धरायला शिकवत. मुंबईत येऊन तीच पोरं रात्री हॉटेलांत वाजवत आणि दिवसा स्टुडिओत. पुढे 1949 चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांना स्टुडिओ हाच आधार उरला.

या मंडळींतला एक हिरा म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म 1916 चा, गाव बार्देशातलं हळदोणे. ट्रम्पेट असा वाजवी, की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड होता. हा चिक अण्णांचा सहायक झाला. अण्णा पेटीवर चाल बसवणार आणि चिकसारखे गोवेकर तिच्याखाली कोणती कॉर्ड, कुठे ट्रम्पेट, कुठे गिटार हे कागदावर मांडणार, अशी ही वाटणी. आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात. एकाच वेळी तीन-चार स्वर एकावर एक रचायचे, ही गोष्टच आपली नव्हे. विनायकबुवांच्या शाळेतून आलेल्या माणसानं ती आपलीशी केली, आणि तीही वयानं जवळजवळ आपल्याच बरोबरीच्या गोवेकरांकडून.

1947 च्या 'शहनाई'त तो मेळ पहिल्यांदा धडाक्यानं वाजला. संडे के संडे बोलावणारं ते गाणं आठवा. गिटार, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन आणि वर चक्क शीळ! अण्णा त्यात स्वतः गायले, चितळकर या नावानं. संगीतकार एक आणि गायक दुसरा असं समजणारे कितीतरी श्रोते त्या काळी होते. घरोघरी मुलं ते गाणं म्हणत आणि वडीलमाणसं कपाळाला हात लावत. 'पतंगा' (1949) मध्ये रंगूनहून टेलिफोन आला, 'समाधी' (1950) मध्ये गोरेगोमटे बांके छोरे आले. या दुसऱ्याची चाल अण्णांची नव्हती. ती 'चिको चिको' या परदेशी गाण्यावरून सरळ उचललेली होती. भक्तांना हे बोललेलं आवडत नाही, पण लपवण्यात काय हशील?

आणि मग 1951 चा 'अलबेला'. भगवानदादा आणि गीता बाली. 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी सगळी जत्रा आहे आणि याच चित्रपटात पडद्यावर वाजवताना दिसतो तो खुद्द चिक चॉकलेट, आपल्या बँडसकट. भगवानदादांचा नाच नीट पाहा. पाऊल फार हलत नाही. खांदे, कोपर आणि कंबर अगदी थोडी हलते, पण ती हलते बरोबर त्या वजनाच्या मात्रेवर. नाचता न येणाऱ्या अख्ख्या महाराष्ट्राला त्यामुळे नाचता येऊ लागलं. आजही लग्नाच्या वरातीत काकामंडळी जे करतात ते तेच.

पण मला 'अलबेला'बद्दल वेगळंच सांगायचं आहे. याच चित्रपटात 'धीरे से आजा री' ही अंगाई आहे. पिलूची छाया असलेली, पापणीवर पीस फिरवावं तशी. एकीकडे तो गलबला आणि दुसरीकडे ही शांतता. दोन्ही एकाच माणसानं, एकाच चित्रपटासाठी केलेल्या. साथ करणाऱ्याला गप्प बसणंही यावं लागतं. अंगाईत अण्णा गप्प बसले आहेत.

हे सगळ्यांना रुचत होतं असं नाही. 1952 साली केंद्रात नभोवाणीमंत्री झाले डॉ. बा. वि. केसकर, तेही मराठी आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाच्या गाण्यातला पाश्चात्त्य वाद्यमेळ त्यांना खपत नसे. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि लोकांनी रेडिओची सुई सिलोनवर नेली. विविध भारती सुरू व्हायला 1957 चा ऑक्टोबर उजाडला. शिवऱ्याच्या सासूबाईंनी अण्णा ऐकले ते माहेरी, वडील घरात नसताना, सिलोनवर. रागदारी शिकलेला एक मराठी माणूस ठेका उलटा करत होता आणि रागदारीच्याच प्रेमापोटी दुसरा मराठी माणूस तो बंद करत होता. केसकरांना खलनायक ठरवायला मी तयार नाही. त्यांच्या काळात आकाशवाणीनं शास्त्रीय गायकवादकांना जो मान दिला, तो विसरून चालणार नाही. पण त्यांच्या कानाला अण्णांचा पाया ऐकू आला नाही, एवढं मात्र खरं.

तो पाया 1953 च्या 'अनारकली'त उघडा पडला. 'जाग दर्द-ए-इश्क जाग' हा बागेश्री. 1955 च्या 'आझाद'मध्ये 'राधा ना बोले', तोही बागेश्रीच. आणि दोनच वर्षांनी, 1957 च्या 'आशा'त, 'ईना मीना डीका'! असं सांगतात, की बाहेर खेळणाऱ्या मुलांची गणती कानावर पडली, तिच्यात अण्णांनी निरर्थक शब्द घातले आणि जॉन गोम्स या त्यांच्या गोवेकर वादकानं नको-नको म्हणणारे कोंकणी शब्द त्यात टाकले. तोवर अमेरिकेतून रॉक अँड रोल आला होता. किशोरकुमारनं ते गाणं गायलं, आशाबाईंनीही गायलं आणि सत्तर वर्षं होत आली तरी बालवाडीच्या स्नेहसंमेलनातून ते हटत नाही.

पुढचं लवकर आटोपतो. 1959 चा 'नवरंग' गाजला. त्यानंतर चांगले चित्रपट कमी होत गेले. लताबाईंचं आणि त्यांचं काही वर्षं पटत नव्हतं. त्या खोलात मी जात नाही, खूप लोक खूप वेळा गेले आहेत. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत, चीनशी झालेल्या युद्धानंतर, कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगो' लताबाईंनी नेहरूंसमोर गायलं. चाल अण्णांची. मराठीत त्यांनी गदिमांचं 'गीतगोपाल' केलं, 'धनंजय' आणि 'घरकुल' हे चित्रपट केले, त्यांत कामंही केली. 'पप्पा सांगा कुणाचे' म्हणत मोठी झालेली पिढी आता स्वतः आजीआजोबा झाली आहे. 1977 साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. 5 जानेवारी 1982 ला मुंबईत अण्णा गेले. चौसष्ट पुरे व्हायला सात दिवस कमी होते.

चिक चॉकलेट त्याच्या आधीच, 1967 साली गेला होता, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्याला निदान 'अलबेला'नं चेहरा दिला. बाकीचे? सॅक्सोफोनवाला कोण, क्लॅरिनेटवाला कोण, मागे बसून त्या दुसऱ्या मात्रेवर चक् करणारा गिटारवाला कोण? चित्रपटाच्या पाटीवर संगीतकाराचं नाव यायचं, रेकॉर्डवर फार तर गायकाचं. वादकानं यायचं, कागद वाचून वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओची लोकल पकडायची. यात अण्णांचा एकट्याचा दोष नाही, तशी रीतच होती. पण जो माणूस स्वतः कोपऱ्यात बसून पेटी वाजवत होता, त्याच्या गाण्यांमागचे कोपरे रिकामे राहावेत, हे मला खटकतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्यानं 'अलबेला'तलं गाणं मोबाइलवर लावलं आणि त्याच्याबरोबर ठोके धरायला लागला. पहिल्यांदा हात पहिल्या मात्रेवरच पडत होता. सासूबाई पडवीत शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप मांडीवर घेतलं आणि त्याच्यावर बोटांनी दोन-चार, दोन-चार असं दाखवायला सुरुवात केली. भाचा गिटारकडे बघायचं सोडून त्यांच्या बोटांकडे बघू लागला. तिसऱ्या कडव्याला त्याचा हात जागेवर आला. शेंगा मात्र निम्म्या खाली सांडल्या होत्या.