माकडतापाच्या तपासातले सलीम अली

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, १२ डॉ. सलीम अली यांच्या. याच सुमारास आपल्याकडच्या तलावांवर पाहुणी बदके उतरतात आणि सावनेरच्या ओपीडीत कोणीतरी हमखास विचारते, की या पक्ष्यांमुळे रोग तर येत नाहीत ना? हाच प्रश्न एकदा सलीम अलींपुढे आला होता.

१८९६ साली मुंबईत जन्मलेले सलीम तीन वर्षांचे होईतो आईवडिलांना पारखे झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि आयुष्याची दिशा ठरली. शाळेत डोकेदुखीने ते इतके बेजार होत, की कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना सिंधला धाडले होते. १९१३ मध्ये मॅट्रिक कसेबसे पार पडले.

पदवी नसल्याने सरकारी नोकरी हुकली. बर्लिनला शिकून १९३० मध्ये परतले, तर संग्रहालयातली जागाच रद्द झालेली. मग अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादीने पसंत केल्यावर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी नोंदवले. १९३९ मध्ये किरकोळ शस्त्रक्रियेनंतर पत्नी तेहमिना गेल्या. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसांना ताप येऊन रक्तस्राव होऊ लागला. पुण्याच्या संशोधकांना सापडलेला विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. संशय आला सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडींवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि सोसायटीने पक्षी जाळ्यात धरले, गोचिडी वेचल्या, पायात कडी घालून पक्षी सोडून दिले. माकडताप पसरतो तो जंगलातल्या गोचिडीमुळे, हे आता पक्के ठाऊक आहे. सिंधुदुर्गातही तो आढळतो. त्या कड्यांमुळे स्थलांतराचे मार्ग मात्र उलगडत गेले.

२० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळचा तलाव आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. सांडपाणी अडवून, गाळ काढून असे शहरी तलाव जिवंत केले की पक्षी परततात. त्यांना दुर्बिणीतून जरूर पाहा. बर्ड फ्लूचा धोका खरा आहे, पण लांबून पाहणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा आणि घरी आल्यावर साबणाने हात धुवा.