दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद : ओहोटीतही टिकलेले दान

मुंबईच्या फोर्ट भागात उच्च न्यायालयाशेजारी उभा असलेला राजाबाई मनोरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून रोज मुंबईस जाणाऱ्या हजारोंच्या परिचयाचा आहे. परंतु हा मनोरा एका जैन श्रावकाने आपल्या मातेच्या नावे दिलेल्या दानातून उभा राहिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते श्रावक म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंदजींचा जन्म 1831 साली सुरत येथे जैन व्यापारी कुटुंबात झाला. बालवयातच ते मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. इंग्रजीचे ज्ञान, तल्लख स्मरणशक्ती आणि बाजाराची अचूक नाडीपरीक्षा यांच्या बळावर ते कापूस व समभागांच्या व्यवहारात अग्रणी झाले. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून नव्या बँका व कंपन्यांचे पेव फुटले. बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा समभाग 50,000 रुपयांच्या घरात गेला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंदजी होते.

त्यापूर्वीच्या पिढीतील शेठ मोतीशा यांनी जिनमंदिरे व पांजरापोळ यांसाठी मुक्तहस्ते द्रव्य वेचले होते. प्रेमचंदजींनी तोच दानधर्म विद्यादानापर्यंत नेला. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला स्वतःचे ग्रंथालयही नव्हते. 1864 साली त्यांनी ग्रंथालयासाठी 2 लाख व घड्याळाच्या मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये दिले. मनोऱ्याला स्वतःचे नव्हे, तर माता राजाबाईंचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. दृष्टिहीन राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याच्या व्रतासाठी घंटानादाचा आधार व्हावा, हा त्यामागील हेतू असल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 रोजी मुदतीच्या सौद्यांची फेड करण्याची वेळ आली तेव्हा अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदजींचेही दिवाळे निघाले. पुढे बँक ऑफ बॉम्बे बुडाली, तिच्या चौकशीत त्यांच्यावरही ठपका आला. सट्ट्याच्या त्या लाटेत कित्येक सामान्य कुटुंबांची पुंजी गेली, हे सत्य त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. त्यांच्या खतावणीत ही नावेची बाजूही आहेच.

मात्र जमेची बाजू अशी की, वेळेवर दिलेले दान त्या पडझडीतून वाचले. ती रक्कम शेठजींच्या पेढीत पडून राहिली असती, तर देणेकऱ्यांच्या हिशेबात कधीच विरून गेली असती. 1869 साली मनोऱ्याची पायाभरणी झाली व 1878 साली सुमारे 280 फूट उंचीची वास्तू पूर्ण झाली. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी 2 लाख रुपये दिले होते. त्या कायमनिधीच्या व्याजातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी, इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्यासारख्या विद्वानांना मिळाली. मूळ निधी शाबूत आणि व्याजातून कार्य, या पद्धतीचा तो उत्तम आदर्श ठरला.

खचून न जाता प्रेमचंदजींनी पुन्हा व्यवसाय उभारला. 1875 साली आकारास आलेल्या मुंबईच्या शेअर दलालांच्या संघटनेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. 1906 साली त्यांचे देहावसान झाले. 2018 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या मुंबईतील वास्तुसमूहात राजाबाई मनोऱ्याचाही समावेश आहे.

फाळणीनंतर विस्थापितांच्या श्रमातून वसलेल्या उल्हासनगरच्या आणि शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारपेठांना तेजी-मंदी नवी नाही. आज दानाचे मार्ग वाढले आहेत. मंदिरांबरोबरच शिष्यवृत्त्या, रुग्णसेवा, वसतिगृहे यांकडेही समाजाचा ओघ वळला आहे. परंतु पर्युषणात बोललेली बोली असो वा शिष्यवृत्तीसाठी जाहीर केलेली देणगी, ती लक्ष्मी हाती असतानाच भरावी, हा शेठजींच्या जीवनाचा बोध आहे. संपत्ती त्यांच्याजवळ टिकली नाही, दिलेले मात्र टिकले. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!