पंडित म्हाइंभट : ईश्वरविषयक वादातून ईश्वरशरणतेकडे

ईश्वर आहे किंवा नाही, हा प्रश्न आधुनिक काळानेच प्रथम उपस्थित केला, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक हा वाद भारतीय दर्शनांत फार प्राचीन आहे, आणि ईश्वराच्या विरुद्ध बाजूने बोलणारे सर्वच वेदबाह्य होते असेही नाही. वेदांना परम प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीच जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन मोठ्या हिरिरीने केले. त्याच मीमांसेतील प्राभाकर मताचे एक निष्णात पंडित पुढे श्रीचक्रधर स्वामींचे चरित्रकार झाले. त्यांचे नाव म्हाइंभट.

म्हाइंभट हे गोदातीरावरील सराळे गावचे. मनमाडहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग कोपरगाव, पुणतांबे करीत ज्या श्रीरामपूरच्या मुलखात उतरतो, त्याच परिसरात त्यांचे सराळे आणि स्वामींच्या वास्तव्याने पावन झालेले डोमेग्राम ही स्थाने येतात. यादवांच्या राज्यात विद्येला मोठा मान होता. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानाकडे म्हाइंभटांचे अध्ययन झाले आणि शास्त्रार्थात त्यांचा दबदबा निर्माण झाला. परंपरा सांगते की, ते दिवसाढवळ्या दिवट्या पेटवून आणि पायाशी गवत बांधून हिंडत. आपल्या ज्ञानावाचून जगात अंधार आहे आणि प्रतिपक्षी पंडित तृणवत् आहेत, असा त्या बिरुदांचा अर्थ होता.

हा अभिमान पोकळ नव्हता. त्यामागे एक बलवान शास्त्र उभे होते. नैयायिक म्हणत, घट आहे त्या अर्थी कुंभार आहे. तसे जगत् हे कार्य असल्यामुळे त्याला कर्ता असलाच पाहिजे. दहाव्या-अकराव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ही बाजू प्रौढपणे मांडली होती. मीमांसकांचे उत्तर तितकेच तीक्ष्ण होते. कुंभार हात हलवून घट घडवितो. ज्याला देह नाही तो काय घडविणार? देह आहे म्हणावे, तर त्या देहाचा कर्ता कोण? शिवाय सारे जगत् एकदम उत्पन्न झालेले कोणी पाहिले आहे? पदार्थ एकेक उपजतात, एकेक नाश पावतात. जगाचा ओघ अनादि आहे. वेद अपौरुषेय असल्याने त्यालाही कर्ता नको. यज्ञाचे फळ कर्मजन्य अपूर्वाच्या द्वारे मिळते, म्हणून फळदात्याचीही गरज उरत नाही. एवढी शस्त्रे ज्याच्या हाती आहेत, त्याला कोणापुढे मस्तक लववावे असे का वाटावे?

असे म्हाइंभट डोमेग्रामी स्वामींच्या दर्शनास गेले, ते शरण जाण्यासाठी नव्हे. वाद करून जिंकावे, हाच हेतू होता. परंतु स्वामींच्या निरूपणापुढे त्यांची प्रौढी टिकली नाही.

तत्त्वाच्या दृष्टीने पाहता याचे कारण समजण्यासारखे आहे. महानुभाव सिद्धांतात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परांहून भिन्न आहेत. कर्माची सुखदुःखरूप फळे देवतांकडून मिळतात. ती कितीही थोर असली तरी त्यांना अंत आहे. मोक्ष देणे मात्र केवळ परमेश्वराच्या अधीन आहे. म्हणजे स्वर्गादी फळांसाठी परमेश्वर लागत नाही असे मीमांसकाने कितीही सिद्ध केले, तरी मोक्षदात्या परमेश्वराला त्याचा स्पर्श होत नाही. देहावाचून व्यवहार कसा, या शंकेलाही येथे निराळीच वाट फुटते. परमेश्वर कृपावश होऊन मनुष्यदेह धारण करतो, जीवाला सन्निधान देतो आणि ज्ञान देतो. घटावरून कुंभाराचे अनुमान करणारा आणि ते अनुमान मोडणारा, दोघेही परमेश्वराला दूर ठेवूनच वाद करतात. सन्निधानाचा प्रश्न त्या दोघांनाही सुटलेला नसतो.

तथापि बुद्धी नमली म्हणजे जीवन पालटले असे होत नाही. म्हाइंभटांच्या चरित्राचा हा भाग साधकाने विशेष ध्यानी घ्यावा. तत्त्व पटले, पण सर्वसंगपरित्याग लगेच घडला नाही. शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर म्हाइंभटांना अनुसरण घडले. ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत आणि नागदेवाचार्यांच्या सहवासात राहिले. समक्ष लाभलेले सन्निधान पूर्णपणे घेता आले नाही, ही खंत अशा पुरुषाला किती जाचली असेल!

त्या खंतीतूनच जणू त्यांच्या हातून महत्कार्य झाले. स्वामींच्या लीळा भक्तांच्या आठवणीत विखुरलेल्या होत्या. भक्त वृद्ध होत चालले होते. नागदेवाचार्यांच्या आधाराने म्हाइंभटांनी त्या लीळा मिळविण्याचे व्रत घेतले. ज्याने लीळा पाहिली त्याच्याकडे जावे, विनयाने विचारावे, स्थळ व प्रसंग पडताळून घ्यावेत, अशी त्यांची रीत होती. ज्याने प्रतिपक्ष्याचे हेत्वाभास शोधण्यात आयुष्य घालविले, तोच आता साध्याभोळ्या स्त्रीपुरुषांच्या साक्षीपुढे कान देऊन बसला. तर्काची शिस्त सुटली नाही. अभिमान मात्र सुटला. संस्कृतात ग्रंथ रचण्याचे सामर्थ्य असताना त्यांनी सामान्य जनांच्या मराठीत ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ होय. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच रचले. पुढे केशिराजबासांनी लीळाचरित्रातील स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. नंतरच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरपली, तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा राहिला.

ईश्वराच्या अस्तित्वाचे वाद आजही चालतात आणि उद्याही चालतील. प्रामाणिक शंकेला भिण्याचे कारण नाही, कारण म्हाइंभटांची वाटही तीतूनच गेली. मात्र वादात जिंकणे आणि परमेश्वरप्राप्तीला पात्र होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दिवसा दिवट्या मिरविणाऱ्या पंडिताचे नाव केवळ त्या दिवट्यांमुळे कोणी लक्षात ठेवले नसते. लीळा विचारीत दारोदार हिंडलेल्या म्हाइंभटांमुळेच आज सातशे वर्षांनंतरही श्रीचक्रधर स्वामींच्या लीळांचे स्मरण घडते.