सर टिम बर्किन आणि उसन्या श्वासाची मोटार

पेटी शिकायला बसलेले मूल पहिली चूक करते ती भात्यावर. सूर मोठा निघावा म्हणून ते सगळा जोर डाव्या हातात आणते. माझ्याही हातून हेच झाले होते. वडील दरबारचे गवई. त्यांनी मला रागे न भरता माझा हात आपल्या हातात धरला आणि भाता हलकेच चालवून दाखवला. वारा बेताबाहेर कोंडला की सूर मोठा होतो खरा, पण तो किंचित उतरतो, त्याची गोडी जाते, आणि असेच चालत राहिले तर एखादे दिवशी पेटीच जायबंदी होते, हे मला तेव्हा कळले. पुढे स्वतः शिकवू लागल्यावर हाच धडा मी कित्येक मुलांना दिला. पण हा धडा मला सर्वांत सविस्तर कळला तो एका इंग्रज मोटारबहाद्दराच्या चरित्रातून. आपल्या संस्थानी शहरांत जुन्या मोटारींचे कौतुक पिढीजात आहे, म्हणून ती कथा येथे सांगतो.

हेन्री राल्फ स्टॅन्ली बर्किन यांचा जन्म २६ जुलै १८९६ रोजी नॉटिंगहॅम येथे झाला. घराणे लेस विणण्याच्या धंद्यात गबर झालेले. एका बालचित्रकथेतील वाघाच्या पिल्लावरून त्यांना लहानपणी टिम हे नाव पडले आणि तेच जन्मभर टिकले. पहिल्या महायुद्धात ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होते. पॅलेस्टाइनमध्ये असताना त्यांना हिवताप जडला, त्याने शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. अंगकाठी बेताची, बोलताना अडखळण्याची सवय. पण चक्र हाती आले की हा मनुष्य कुठेच अडखळत नसे. गळ्याभोवती निळा ठिपक्यांचा रेशमी रुमाल ही त्यांची खूण झाली होती. १९२७ साली त्यांचा धाकटा भाऊ आर्ची आइल ऑफ मॅन बेटावर मोटारसायकल शर्यतीच्या सरावात मरण पावला. एखाद्याने तेवढ्यावरच शर्यतींना रामराम ठोकला असता. टिम मात्र त्याच सुमारास शर्यतींकडे पुरते वळले.

त्या काळी इंग्लंडची शान म्हणजे बेंटली मोटार. तिचे निर्माते वॉल्टर ओवेन बेंटली हे शांत, हिशेबी वृत्तीचे यंत्रज्ञ. साडेचार लिटरच्या त्यांच्या गाडीत चार सिलिंडर आणि ४,३९८ घनसेंटिमीटरचे एंजिन होते. रस्त्यावर ते सुमारे ११० अश्वशक्ती देई. पण जर्मनीची मर्सिडीझ आणि इटलीची आल्फा रोमिओ पुढे सरकत होत्या, आणि आणखी वेग हवा यावर दोघांचेही एकमत होते. वाटा मात्र दोन निघाल्या. बेंटलींचे म्हणणे असे की शक्ती वाढवायची तर एंजिनच मोठे बांधावे. म्हणून त्यांनी साडेसहा लिटरची सहा सिलिंडरी 'स्पीड सिक्स' तयार केली. बर्किन यांना इतका धीर नव्हता. त्यांनी सुपरचार्जरची वाट धरली.

सुपरचार्जर म्हणजे एंजिनाचा भाताच होय. साधे एंजिन दट्ट्या खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावर जगते. सुपरचार्जर ती हवा बळाने आत कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येते, आणि त्याच आकाराच्या सिलिंडरातून अधिक बळ निघते. पण यातील काहीच फुकट मिळत नाही. भाता फिरवायला लागणारे बळ एंजिनातूनच जाते. दाबलेली हवा तापते, आतली आग भडकते, आणि दट्ट्ये, स्पार्क प्लग, सिलिंडरमाथ्याखालचे गॅस्केट या सर्वांवर मूळ आराखड्यात न धरलेला ताण येतो.

हे काम बर्किन यांनी अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स या तरुण इंजिनियरवर सोपविले. मिस डॉरोथी पॅजेट या घोड्यांच्या शर्यतींचा नाद असलेल्या श्रीमंत तरुणीने थैली मोकळी सोडली, आणि वेल्विन येथे कारखाना उभा राहिला. बेंटली यांना आपल्या एंजिनाचा हा छळ वाटत होता. परंतु कंपनीची सूत्रे वुल्फ बार्नाटो या धनाढ्य शर्यतपटूच्या हाती गेली होती आणि त्यांनी होकार दिला. व्हिलियर्स यांनी रूट्स पद्धतीचा, म्हणजे दोन फिरत्या पाळ्यांचा सुपरचार्जर घेतला आणि तो रेडिएटरच्याही पुढे, चॅसीच्या दोन शिंगांच्या मध्ये बसविला. क्रँकशाफ्टचे पुढचे टोक त्याला थेट फिरवी. दोन कार्ब्युरेटर त्याच्या बाजूला टांगले. नुसता भाता जोडून भागत नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून क्रँकशाफ्ट आणि दट्ट्येही निराळे केले. शर्यतीच्या गाडीची शक्ती २४० अश्वशक्तीच्या घरात गेली. पण नाकावर बसलेल्या त्या ओझ्याने गाडी वळणावर हट्टी झाली, आणि पेट्रोल तर ती पाण्यासारखे पिऊ लागली. ल मां येथील नियमांसाठी अशा ५० गाड्या विक्रीस काढाव्या लागल्या. शर्यतीच्या धरून एकूण ५५ झाल्या.

१९२९ च्या जूनमध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत बर्किन यांनी जिंकली. ती बार्नाटोंच्या जोडीने, आणि बेंटलींच्या बिनभात्याच्या स्पीड सिक्समध्ये! त्याच वर्षी आयर्लंडमधील टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत भात्याची गाडी बर्किन हाकीत असताना शेजारी मेकॅनिक म्हणून खुद्द बेंटली बसले होते. ज्या यंत्राला आपला विरोध, त्याच्याच सेवेला बसणे हे मोठ्या मनाचे लक्षण. आमच्या गवयांच्या जगातही असे प्रसंग थोडे.

१९३० च्या ल मां शर्यतीत सात लिटरच्या मर्सिडीझमध्ये कारात्सिओला होते. त्या गाडीचा सुपरचार्जर पाय पुरता दाबला तरच चाले आणि चालला की किंकाळी फोडी. बर्किन यांनी दोन चाके रस्त्याबाहेरच्या गवतावर घालून, टायरचे रबर सुटत असतानाही, तिला मागे टाकले. ६ मिनिटे ४८ सेकंद हा त्या शर्यतीतला सर्वांत वेगवान फेरा त्यांचाच ठरला. मर्सिडीझ रात्री बाद झाली. पण दुसऱ्या दिवशी भात्याच्या दोन्ही बेंटलीही एंजिन कोलमडून थांबल्या. पहिल्या दोन जागा बेंटलींच्या स्पीड सिक्स गाड्यांनी घेतल्या.

येथवर मी स्वच्छ बेंटलींच्या बाजूचा होतो. वर्षानुवर्षे खर्जाची मेहनत करून छातीचा भाता वाढवावा, उसन्या जोरावर गाऊ नये, हे वडिलांचे बोल मला या कथेत ऐकू येत होते. पण पुढील दोन प्रकरणांनी मला थांबविले.

सप्टेंबर १९३० मध्ये पो येथे फ्रेंच ग्रां प्री झाली. हलक्याफुलक्या बुगाटी गाड्यांच्या मेळ्यात बर्किन आपली चार आसनी, अवजड गाडी दिवे आणि चिखलरोधक काढून घेऊन आले. बघ्यांना हत्ती हरणांत शिरल्यासारखे वाटले असेल. तो हत्ती दुसरा आला! पुढे राहिले एकटे एतांसलें.

दुसरे प्रकरण १९३१ चे. मिस पॅजेट यांनी हात आखडता घेतला होता, बेंटली कंपनी त्याच वर्षी पुढे बुडून रोल्स-रॉइसच्या पदरात गेली. बर्किन यांनी अर्ल हाउ यांच्या जोडीने पुन्हा ल मां जिंकली. गाडी आल्फा रोमिओ, एंजिन जेमतेम २.३ लिटरचे, आणि त्याला सुपरचार्जर! फरक इतकाच की व्हित्तोरियो यानो यांनी ते एंजिन पहिल्या रेषेपासून भात्यासाठीच आखले होते. म्हणजे भात्याविषयी बर्किन चुकले नव्हते आणि आपल्या एंजिनाविषयी बेंटलीही चुकले नव्हते. दोष वाऱ्याचा नव्हता. वाद्य त्या वाऱ्यासाठी घडलेले नव्हते. सनईला लागणारी फुंक बासरीत घातली तर बासरी किंचाळते, म्हणून सनईची फुंक वाईट ठरत नाही.

हे कळल्यावर मला माझेच काही विद्यार्थी आठवले. ज्यांचा गळा जन्मतः जोर मागत होता त्यांनाही मी वडिलांच्याच मापाने हळू चालविले. त्यांतील एकाने गाणे सोडले. त्याचा दोष मी आजवर त्याच्याच उतावळेपणावर टाकीत होतो. आता टाकीत नाही.

२४ मार्च १९३२ रोजी ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर आपल्या एकासनी भात्याच्या बेंटलीतून बर्किन यांनी ताशी १३७.९६ मैल, म्हणजे २२२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. तो १९३४ पर्यंत टिकला. विक्रमवीर टिकला नाही. ७ मे १९३३ रोजी त्रिपोलीच्या शर्यतीत ते मासेराटी घेऊन तिसरे आले. मध्ये गाडी थांबविली असता तापलेल्या धुराड्याला हात लागून भाजला. त्या जखमेकडे त्यांनी लक्ष दिले नाही. ती चिघळली, जुना हिवतापही उसळला असे म्हणतात, आणि २२ जून १९३३ रोजी लंडनच्या शुश्रूषागृहात त्यांचा अंत झाला. वय अवघे ३६. नॉरफोकमधील ब्लेकनी गावी त्यांचे दफन झाले.

भात्याच्या बेंटलीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही. तरीही इयान फ्लेमिंग यांनी १९५३ साली आपल्या जेम्स बाँडला हीच गाडी दिली, आणि २०१२ साली तो एकासनी नग लिलावात पन्नास लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. जिंकणाऱ्या स्पीड सिक्सपेक्षा मोडणारी गाडी लोकांच्या मनात अधिक राहिली.

नवे मूल पेटीवर बसले की आजही मी त्याचा डावा हात धरतो. पण आता भाता हळू चालवायला सांगण्यापूर्वी आधी कान देतो, पुढे आहे ती पेटी किती वारा मागते आहे.