हिरव्या रेषेचा मागोवा घेणारे नायगमवाला

धाराशिव जिल्ह्यातील परंड्याहून पश्चिमेस निघाले की सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे रेल्वेस्थानक फार दूर नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी, परंडा निजामाच्या राज्यात आणि जेऊर इंग्रजी अमलाखाली असताना, खग्रास सूर्यग्रहणासाठी येथे देशोदेशींच्या खगोलविदांनी तळ ठोकला होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल त्यांत होते आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. नायगमवालांचा या ग्रहणावरील सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८५७ मध्ये पारशी कुटुंबात जन्मलेल्या नायगमवालांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेऊन तेथेच अध्यापन आरंभिले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, सरकारने तेवढीच भर घातली. मूळ बेत वर्णपटाच्या प्रयोगशाळेचा होता. मात्र १८८४ च्या इंग्लंडवारीत नॉर्मन लॉकियर आदींचा सल्ला मिळाला आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. १८८८ मध्ये ती पुण्यात उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली तेथील परावर्तक दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती.

या दुर्बिणीतून त्यांनी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा तपासली. लॉकियर यांच्या मते तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आणि ही रेषा मॅग्नेशियमची खूण. मॅग्नेशियमची असती तर ती एका बाजूला विरत गेलेली दिसायला हवी होती. नायगमवालांना ती प्रत्येक वेळी रेखीवच दिसली आणि १८९१ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध, तेही वसाहतीतील एका प्राध्यापकाने पुरावा मांडणे ही लहान गोष्ट नव्हती.

मग ती रेषा होती तरी कशाची? अज्ञात मूलद्रव्याला ‘नेब्युलियम’ असे नावही देऊन झाले होते. १९२७ मध्ये अमेरिकेच्या बोवेन यांनी उलगडा केला: अतिविरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा होती. दूरच्या ग्रहांवरील जीवसृष्टीच्या शोधात आज ऑक्सिजनलाच मोठे महत्त्व आहे, अर्थात ग्रहाच्या वातावरणातील रेणुरूप ऑक्सिजनला. २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे. ‘नासा’ने आखलेली ‘हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी’ ही महादुर्बीण तर मुख्यतः अशाच खुणांसाठी आहे. आरसे अजस्र झाले, प्रकाश विस्कटून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत मात्र तीच.

पुण्याची वेधशाळा एका माणसाच्या जिवावर चालली होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त होताच सरकारने ती बंद केली आणि उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. ती दुर्बीण तेथे ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली. देणगीदाराचे नाव तिला लाभले, निरीक्षकाचे नाही. नायगमवालांचे निधन १९३८ मध्ये झाले.